कपाटातला वणवा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात आग लागली नव्हती, तरी अग्निशमन दलाची गाडी दारात उभी होती.

सुरुवात सकाळीच झाली. लेक जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून वणव्यांवरचा माहितीपट पुरा करत होती. तापत चाललेली पृथ्वी, लांबलेले उन्हाळे, राख झालेली गावं, सगळं जागच्या जागी होतं. आवाज तेवढा नव्हता. तीन आठवडे वणव्यामागे फिरून आणलेल्या ध्वनिमुद्रणात आग कमी आणि छायाचित्रकाराचा खोकलाच जास्त होता. फिल्म संध्याकाळपर्यंत स्पर्धेला पाठवायची होती.

"मी देतो की आग," बाबा म्हणाले. रेडिओवरच्या नाटकांना त्यांनी पस्तीस वर्षं पाऊस, घोडे आणि करकरणारी दारं पुरवली होती. नाटक संपलं की सगळ्यांची नावं सांगत. बाबांच्या नावापर्यंत येता येता बातम्यांची वेळ व्हायची.

"बाबा, हे नाटक नाही. यात सगळं खरं लागतं. तसं लिहून द्यावं लागतं."

"खऱ्या आगीला अभिनय येत नाही. ती नुसती जळते."

दुपारपर्यंत लेकीचा धीर सुटला. "करा," ती म्हणाली. बाबा रजई, माइक आणि बिस्किटांच्या पुड्यांचे चुरचुरणारे कागद घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरले, कारण तिथे आवाज घुमत नाही. झाडं मोडायला म्हणून त्यांनी आईचा खराटा नेला.

"नवा होता तो," आई कपाटाच्या दाराशी जाऊन म्हणाली.

"वणव्यात असंच असतं. कोवळी झाडंही जातात," आतून उत्तर आलं.

बाबांना हल्ली कमी ऐकू यायचं. म्हणून तयार झालेला वणवा त्यांनी मोठ्या स्पीकरवर, पूर्ण आवाजात लावला. तो नीट बसतोय का, हे बघायला लेकीने त्याला फिल्ममधल्या एका बाईचं वाक्य जोडलं : "निघा, सगळे निघा, आग दारात आलीय." बाबा पुन्हा कपाटात बसून त्या आवाजाबरोबर कागद चुरगळू लागले. खिडकी उघडी होती.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी दाढ अर्धवट सोडून फोन फिरवला. त्यांचा पेशंट उघड्या तोंडाने जिना उतरला. त्याचं ते तोंड पाहून बाकीच्या मजल्यांनी काही विचारलंच नाही, सरळ खाली धाव घेतली.

दहा मिनिटांत शिरस्त्राण घातलेले अग्निशमन दलाचे एक अधिकारी धापा टाकत आत आले. "आग कुठंय?"

"कपाटात," आई म्हणाली. "या. पण बूट पुसून या."

अधिकाऱ्यांनी कपाट उघडलं. आत रजई पांघरून, दोन्ही मुठींत कागद धरून घामाघूम म्हातारा बसलेला. "काका, हे काय चाललंय?"

"वणवा," बाबा म्हणाले. "बरं झालं आलात. तुम्ही खरा ऐकला असेल ना? माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा."

लेकीला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. अधिकारी ओरडण्यासाठी तोंड उघडत होते, पण स्पीकर चालूच होता आणि त्यांचा कान तिकडे गेला. ते ऐकत राहिले.

"घाई करताय," शेवटी ते म्हणाले. "ती डोंगर चढून येते ना, तेव्हा आधी सगळा वारा ओढून घेते. एक पाखरू बोलत नाही. मग येते."

"किती वेळ गप्प?"

"बारा आकडे मोजा."

मग शिरस्त्राण पलंगावर गेलं आणि रजईची दोन टोकं अधिकाऱ्यांच्या हातात आली. खाली अख्खी इमारत उन्हात उभी होती आणि वर अग्निशमन दल आग लावण्यात गुंतलं होतं. जाताना अधिकाऱ्यांनी लेखी समज दिली. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून 'सराव' असं लिहिलं.

"कसा झालाय?" बाबांनी लेकीला विचारलं.

ती नुकतीच मजल्यामजल्यावर माफी मागून आली होती, आणि घड्याळ थांबत नव्हतं. "चालेल," ती म्हणाली. फॉर्मवर 'सर्व ध्वनी प्रत्यक्ष जागेवरचे' या ओळीपुढे तिने खूण केली. बाबांनी ती पाहिली.

"बरोबर आहे. स्पर्धा आहे," ते म्हणाले आणि चुरगळलेले कागद गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

चार महिन्यांनी फिल्म अंतिम फेरीत दाखवली गेली. पडद्यावरचं जंगल गप्प झालं, आणि मग आग आली तेव्हा सभागृहाने खुर्च्यांत अंग चोरलं. दिवे लागल्यावर परीक्षक मंचावर आले. ते वनशास्त्रज्ञ होते आणि पहिलं पारितोषिक त्यांच्या हातातच होतं.

"पंचवीस वर्षं मी लोकांना तापमानाचे आलेख दाखवतोय आणि लोक जांभया देतायत," ते म्हणाले. "आज माणसं घाबरली. असा आवाज खोलीत बसून बनवता येत नाही. एवढ्या जवळ गेलं तरी कोण?"

त्यांनी पारितोषिकासोबत माइकही लेकीपुढे केला. तिला फक्त हसून दोन्ही घ्यायचं होतं. तिने माइक घेतला.

"कोणीच गेलं नाही," ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "मागे ऐकू जात नाहीये."

"कोणीच गेलं नाही. आमच्या घरी कपाटात बसून केलाय. फॉर्मवर मी खोटं लिहिलं."

लोक आधी हसले. मग ती थट्टा करत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. परीक्षकांनी पारितोषिक हळूच टेबलावर ठेवलं. "केलाय कोणी?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात रागापेक्षा कुतूहल जास्त होतं.

"माझ्या बाबांनी. कसा झालाय म्हणून विचारत होते, आणि मला घाई होती." तिने माइक तोंडाजवळ घेतला. "फार सुंदर झालाय, बाबा."