ढगासाठी ठेवलेली धूळ

मी पुसलेल्या काचेवरून माशीसुद्धा घसरते! बढाई नाही ही. एकतीस वर्षं प्रयोगशाळेची सफाई केली आहे मी. हात पोळले ते एकदाच, आणि तेही स्वच्छतेपायी.

तेव्हा आमच्या ताई तिथे संशोधन करत. ध्रुवांवर, विमानं उडतात त्याच्याही वर, ढग कसे धरतात ते त्यांना दाखवायचं होतं. "मावशी, इतक्या उंचावर पाणी नावापुरतंच. वाफेला गोठायला कशाचा तरी आधार लागतो. आकाशातून पडताना जळणाऱ्या दगडांच्या, उल्कांच्या, धुळीचा एवढासा कण पुरतो," त्या सांगायच्या. मी मान हलवायची. माझ्या मते धुळीचा उपयोग एकच, पुसायला!

परीक्षक यायचे होते. ढग दिसला तर ताईंना पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. म्हटलं, मोठी माणसं येणार, ताई ज्यात ढग करून दाखवणार ती काचेची थंड पेटी आतून लख्ख करू. बघते तर आत काचेच्या ताटलीत पांढुरकी धूळ! "शी!" म्हणत ती तीनदा पुसली. मग सगळी पेटीच.

परीक्षक साहेब काचेला डोळे लावून बसले. तापमानाचा काटा उणे ऐंशीच्याही खाली गेला. ताईंनी वाफ सोडली. पेटी आपली रुसलेल्या आत्याबाईसारखी गप्प!

"ढग कुठे आहे?"

ताईंचे ओठ पांढरे पडले. "सर, कण मी स्वतः ठेवले होते..."

गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्या पोरीचा चेहरा बघवेना.

"साहेब, मी पुसलं."

"काय पुसलंत?"

"ताईंची पाच वर्षं."

साहेब ताईंकडे वळले. "म्हणजे आत्ता आत धूळ नाही, म्हणून ढगही नाही. ही तुलना तुमच्या प्रबंधात का नाही?"

"सर, इतकी स्वच्छ पेटी मला कधी करताच आली नाही."

"मग आता झालीय. नोंद करा, आणि घाला धूळ!"

ताईंनी बरणीतली उरलेली पूड आत फुंकली. काचेमागे सायीसारखा विरळ ढग धरला. ताई रडल्या. मीही.

साहेब गेल्यावर मी शाबासकीसाठी ताठ उभी राहिले. ताईंनी डोळे पुसले.

"मावशी, पेटी अशी कशी पुसायची ते मला शिकवा. आणि तुम्ही तिला पुन्हा हात लावू नका!"

शिकवलं. ताईंना दोन महिने लागले. त्या खोलीची किल्ली मात्र मला पुन्हा कधी मिळाली नाही.