राणेकाकांचे भाडेकरू

अंगठीतला हिरा जगात कोणालाही कौतुकाने दाखवा, पण आमच्या राणेकाकांना दाखवू नका. हिरा निर्दोष निघाला की ते तोंड वाकडं करतात. "ह्यात काय बघूचा? ह्यात कोण रवणाच नाय!" म्हणतात आणि अंगठी परत देतात. नव्या नवरीलासुद्धा! पोरगी बिचारी रडकुंडीला येते.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची हिरे तपासायची लॅब आहे. तिथल्या अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या दिव्याखाली काकांचा जन्म गेला. ह्या दिव्याचा उजेड पडला की काही हिरे आपोआप निळे, नाहीतर लाल उजळतात. का, ते काकांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं.

"गो बाय, हिरो म्हणजे कार्बनची सोसायटी. एकदम कडक. त्यातलो एक गडी गावाक गेलो, खोली रिकामी झाली, बाजूक नायट्रोजन भाडेकरू घुसलो. की झालो तांबडो उजेड सुरू!"

"म्हणजे दोषच ना, काका?"

"मगे? दोष नसलो तर नुसतो काळोख!"

अर्धवाहकांतले दोष कसे उजळतात यावर मी एमएस्सीला रात्रंदिवस घोकंपट्टी केली होती. पण डोक्यात शिरलं ते हे.

एकदा एक शेठ लेकीच्या साखरपुड्याचा हिरा घेऊन आले. तो दिव्याखाली असा काही पेटला की काका धावतच बाहेर आले आणि अख्ख्या ऑफिससमोर ओरडले, "अभिनंदन शेठ! सोसायटी भाडेकरूंनी फुल आसा!" असा हिरा बाजारात स्वस्तात जातो, हे त्यांच्या गावीही नाही. शेठ लालबुंद. त्यांची समजूत घालता घालता आमच्या मॅडमची वाट लागली, आणि काका आत जाऊन त्याच हिऱ्याकडे टक लावून बसलेले!

मी हसत होते, पण हाताने बाही खाली ओढत. माझ्या उजव्या हातावर कोड आहे. आधीच्या नोकरीत ते दिसलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याला कोणी हात लावेना. म्हणून इथे मी बाही बोटांपर्यंत ओढून बसायचे. आणि नेमका तो मेला दिवा! त्याच्याखाली कोड लपत नाही, निळसर पांढरं लखलखतं. "अंधारात गरगरतं" असं सांगून मी ती खोली टाळत राहिले. शेवटी मॅडमनी बजावलं, दिव्याचं काम आज शिकलीस तर पर्मनंट, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

गेले. काकांच्या शेजारी बसले. चिमट्याने हिरा उचलायला गेले आणि बाही सरकली. हात उजळला. आता हा माणूस बाहेर धावणार आणि ऑफिसभर ओरडणार, म्हणून मी डोळे घट्ट मिटले.

बटणाचा 'टक्' आवाज आला. डोळे उघडले तर काकांनी दिवाच बंद केला होता.

"माझ्या हिचो हात असोच होतो गो," काळोखातून आवाज आला. "लग्नाकार्यात पदराखाली लपवी. फोटोतसुद्धा. आणि मी आपलो जगाचे हिरे बघत रवलंय. एकदा तिका हय आणून बसवूची होती. सांगूचा होता, बघ, किती सुंदर दिसता. नाय सांगूक. आता ती गेली. कोणाक सांगू?"

मला त्यांची फार माया वाटली.

चाचपडत मीच दिवा लावला, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात त्यांच्यासमोर ठेवला. काका बघत राहिले.

"सांगा ना," मी म्हटलं.