परकर नेसलेली मोटार

दादारावांच्या मोटारीच्या चारही चाकांना पत्र्याची झाकणं होती आणि मागच्या दोन चाकांवर तरटाचे परकर. मोटार गल्लीतून निघाली की बायका दारात येऊन तोंडाला पदर लावायच्या. अमरावतीत तेव्हा मोटारी मोजक्याच. त्यांत ही एकटीच लाजरी.

दादाराव आमचे शेजारी. बडनेऱ्याच्या रस्त्यावर संत्र्यांचा बगीचा, घरात एकटे. बायको कधीचीच गेलेली. एकुलती एक मुलगी वच्छी अकोल्याला दिली, आणि लग्नाची हळद उतरते न उतरते तोच तिला क्षयानं गाठलं. आगगाडीच्या वेळा जुळत नसत, म्हणून दर रविवारी दादाराव मोटारीनं तिला पाहायला जात. पण मुलीला मूलबाळ झाल्याशिवाय बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत; मुक्काम तर दूरच. त्यात मोटारीचे दिवे असून नसल्यासारखे, म्हणून उजेडातच परत फिरायचं. दिवस सगळा रस्त्यात सरायचा आणि पोरीच्या खाटेपाशी जेमतेम अर्धा तास मिळायचा. तो अर्धा तास वाढवायचा, एवढाच त्या माणसाला ध्यास होता.

मोटार नागपूरला बदलून गेलेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, वयानं थकलेली. तिला पळवणं देवाच्याही हातात नव्हतं. मग दादारावांनी वाऱ्याशीच भांडण काढलं.

"मास्तर, इंजिनाचा दोष नाई," ते मला म्हणाले. "हवा चाकात गुतते. तुमीच पाहा."

पाहायला त्यांनी मला बडनेऱ्याच्या कापसाच्या जिनापाशी नेलं. सरकी काढताना उडालेला कापूस तिथं हवेत तरंगत असतो. एका बाजूच्या चाकांना दादारावांनी रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून बसवले होते, दुसऱ्या बाजूची चाकं उघडी. ते मोटार चालवत होते आणि मी दारातून निम्मा बाहेर लोंबकळत चाकांकडे बघत होतो. समोरून आमचे हेडमास्तर टांग्यातून आले. मी त्याही स्थितीत नमस्कार केला.

उघड्या चाकापाशी कापूस खरोखरच गरगरत होता.

"पाह्यलं? ताक करून राहिलं हवेचं! थेच हवा मोटारीले मांगं ओढते."

झाकलेल्या चाकापाशी मात्र कापूस सरळ मागे निघून जाई. मी मान्य केलं. मान्य न करून सांगतो कुणाला? त्यानंतर चारही चाकं झाकली गेली, आणि मागच्या चाकांच्या वरची पोकळी बुजवायला परकर आले. शिंप्यानं विचारलं, माप कुठून घेऊ? दादाराव गंभीरपणे म्हणाले, "कमरीपासून."

गल्लीला आयतंच कोलीत मिळालं. "काय दादाराव, मोटारीले पोलकं कधी शिवता?"

"हासा लेकहो," ते म्हणायचे. "तुमच्या पोरी गावातच देल्ल्या नं."

गल्लीवर ते कधी रागावले नाहीत. वाऱ्यावर मात्र त्यांचा राग कायम. "याले अक्कल नाई, मास्तर. पोरीकडं जातो तं छातीवर बसते, वापस येतो तं पाठीत ढकलते. वापस याची कोनाले घाई हाय?"

माघात अवकाळी पाऊस झाला आणि त्याच सकाळी अकोल्याहून तार आली, ताबडतोब या. मी न विचारता मोटारीत जाऊन बसलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे पूल दुरुस्तीला काढला होता आणि गाड्या शेतातून वळवल्या होत्या. आमची काळी माती ओली झाली की पायातली वहाण सोडत नाही. इथं तर तिला झाकणांच्या आत आयतं घर मिळालं. चिखल पत्र्याआड गच्च भरला आणि चाकं बसली. चाकं उघडी असती तर तो फिरता फिरता गळून तरी पडला असता. मागून एक बैलगाडी आली आणि आम्हाला ओलांडून निघून गेली.

"थांबा दादाराव, पाना काढतो," मी म्हटलं. ते ऐकायला होते कुठे? चिखलात बसून त्यांनी नुसत्या हातांनी पत्रे ओरबाडले. झाकणं, परकर, सगळं त्या शेतात फेकलं.

"वारा नाई अडवत, मास्तर," ते हुंदका देऊन म्हणाले. "मीच अडवून राहिलो. माह्याच हातानं."

मी खाली वाकून चाकांतला चिखल उकरू लागलो.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. इतका उशीर आजवर कधीच झाला नव्हता. वच्छीची सासू दारातच म्हणाली, "सकाळपासून बाबा बाबा करून राहिली."

दादारावांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं काळं झालं होतं. पत्र्यानं चिरलेले तळवे त्यांनी उपरण्यात गुंडाळले आणि खाटेपाशी बसले. वच्छीनं डोळे उघडले. तापात तिला सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती.

"बाबा, आज लवकर आले तुमी."

"हो माय. रस्ता कोरडा होता."

डोक्यावरून हात फिरवावा म्हणून तिनं मान पुढे केली. दादारावांनी हात काही बाहेर काढले नाहीत. वाकून आपला गाल तिच्या कपाळाला लावला. घरात दिवा लागला, तरी परत निघायचं नाव त्यांनी काढलं नाही.