येमूलकाकांचा खोडरबर

आमच्या शेजारच्या येमूलकाकांच्या खिशात पेन नसतं, खोडरबर असतो. लग्नाला जातानासुद्धा. एकदा नवी पेठेतल्या दुकानात साडीच्या बिलावर पेन्सिलीचा आकडा दिसला, तर या गृहस्थांनी तो खोडून टाकला. दुकानदार कपाळाला हात लावून बसला.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा. तीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासला. चादर उजेडात धरायची, डाग दिसला की बाजूला काढायची. घरी भाकरीसुद्धा उलटीपालटी करून बघायचे. "माल बेदाग पाहिजे," हे त्यांचं पालुपद. लक्ष्मीकाकू म्हणायच्या, "नशीब, मला उजेडात धरून बघितलं नाही!"

काकू वाचणाऱ्या. दोन कपाटं भरून पुस्तकं. आमटी ढवळताना एका हातात पुस्तक आणि कानावर पेन्सिलीचा तुकडा. काही आवडलं की काकांच्या मागे लागायच्या, अहो, एवढं ऐका. काका रेडिओचा कान पिळत म्हणायचे, "नंतर." हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकलंय.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका वर्षभर त्या कपाटांकडे पाठ करून बसायचे. मग एक दिवस मला म्हणाले, "सुनंदा, बघवत न्हाई गं. वाचणाऱ्याच्या घरी जाऊ देत की." मीच त्यांना मोबाईलवर जुन्या पुस्तकांचं दुकान काढून दिलं. मोठी अक्कल पाजळली! फोटो मी काढायची, खाली 'स्वच्छ प्रत' असंही मीच लिहायची.

दुकान चाललं. काका रद्दीवाल्यांकडूनही पुस्तकं आणू लागले. ऑर्डर आली की गिऱ्हाईकाला फोन करून विचारायचे, हात धुऊन वाचता ना? एका बाई म्हणाल्या, कधीमधी चहा पिता पिता वाचते. झालं, त्यांची ऑर्डरच रद्द.

पाठवण्याआधी प्रत्येक पुस्तक उजेडात धरायचं आणि पेन्सिलीची खूण दिसली की खोडायची. तेही चष्मा न लावता. वाचायचं होतं कुठं, डाग तेवढे शोधायचे होते. काकूंच्या दोन्ही कपाटांतली पुस्तकं तर सुरुवातीलाच अशी साफ करून ठेवली. मी शेजारी गप्पा मारत बसलेली असायची. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

गेल्या महिन्यात माळशिरसच्या एका गुरुजींनी पुस्तक परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. काहीतरी सांडून दोन पानं चिकटली होती, ती सोडवल्यावर आत पेन्सिलीनं लिहिलेलं निघालं. वर गुरुजींचा शेरा, स्वच्छ प्रत म्हणून लोकांना फसवू नका. काका भडकले. तीस वर्षांत त्यांनी पास केलेली एक चादर परत आली नव्हती. चष्मा लावला, खोडरबर काढला, पान उघडलं आणि तसेच थांबले.

पानावर आमटीचा पिवळा डाग होता. समासात काकूंचं अक्षर होतं. 'हे यांना वाचून दाखवायचं.'

काका उठले. कपाटात काकूंची दहाबारा पुस्तकं उरली होती, ती सगळी खाली काढली. एकेक पान उजेडात तिरकं धरून बघत राहिले. समासात पेन्सिल दाबल्याचे नुसते वळ होते, अक्षर लागत नव्हतं.

"किती आसतील गं असली?" ते म्हणाले. "समदी मीच खोडली."

माझी मलाच लाज वाटत होती. मग त्यांनी ते परत आलेलं पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"वाच."

मी म्हटलं, काका, आता तुम्हीच वाचा.

"न्हाई. वाचून दाखवायचं लिवलंय तिनं."

त्यांनी रेडिओ बंद केला, मांडी घालून समोर बसले. मी वाचलं. पौर्णिमेच्या चंद्रावरसुद्धा डाग शोधणाऱ्या एका नवऱ्याचा किस्सा होता. काका हसायला लागले. "माझंच हाय की हे," म्हणाले. हसता हसता डोळ्यांना धार लागली, ती काही पुसली नाही त्यांनी.

थोड्या वेळानं म्हणाले, "परत वाच."

मी पहिल्यापासून वाचायला घेतलं.