हळूबाईंची मेळाव्यावरील स्वारी आणि बदली तासांचा पाडाव

प्रथम नमन अनुक्रमणिकेस, जिचे कृपेवाचून जगातील ठेवलेली वस्तू सापडत नाही. दुसरे नमन तारखेच्या शिक्क्यास, जो राव-रंक न पाहता सर्वांस एकच मुदत देतो. तदनंतर पूर्वपीठिका ऐसी की, पृथ्वीवर शाळा जाहल्या, शाळांत वर्ग जाहले, वर्गांवर शिक्षक नामजाद जाहले, आणि मग शिक्षक रजेवर जाऊ लागले. तेव्हा मागे उरलेली पोरे ठेवावी कोठे, ऐसा पेच पडला. त्या पेचातून शालेय ग्रंथालय उत्पन्न जाहले. पुस्तके मागाहून आली. हे मत आमचे नव्हे, शाळेचे आहे. आणि शाळेचा सकळ कारभार याच मतावर चालत होता.

त्या शाळेत दुसरे मजल्यावर, जिन्याचे टोकास, पाण्याचे टाकीशेजारी ग्रंथालयाचा किल्ला. किल्ल्याच्या अधिकारी ग्रंथपालबाई. पोरे त्यांस हळूबाई म्हणत, कारण पुस्तक ओढणारास, खुर्ची सरकविणारास आणि जिन्यावर धावणारास बाईंचा एकच हुकूम असे, तो म्हणजे "हळू!" आणि तोही इतका हळू, की तीन पायऱ्यांपलीकडे पोचत नसे. किल्ल्यात उत्तरेस क्रीडाशिक्षकांनी कसरतीच्या गाद्या आणून टाकिल्या होत्या, त्या "दोन दिवस ठेवतो हं बाई" म्हणोन, आणि त्या गाद्यांवर पुढे दोन मांजरांचे संसार जाहले. पश्चिमेस मोडके बाक. मध्यभागी काचेचे मोठे कपाट, त्यात नवी कोरी पुस्तके, आणि त्यास कुलूप. नवी पुस्तके पोरांचे हाती गेली तर जुनी होतात, ऐसा शोध पर्यवेक्षकसाहेबांनी लाविला होता. सबब कपाटाची किल्ली खासा त्यांचे खिशात असे, आणि तपासणीस आलेल्या पाहुण्यांस तेवढे काचेतून दर्शन घडे.

हे पर्यवेक्षकसाहेब मोठे करारी, हिशेबी, आणि बदली तासांच्या फळ्याचे धनी. रोज सकाळी शाळा भरण्याचे समयी शिक्षकांच्या खोलीबाहेर उभे राहून कोण रजेवर ते पाहावे, आणि त्या त्या वर्गापुढे खडूने 'ग्रंथालय' ऐसे लिहावे, आणि हात झाडून चहा प्यावा, हा त्यांचा नित्यनेम. नेम इतका मुरलेला की लिहिताना ते फळ्याकडे पाहतही नसत. मग तो वर्ग धडधडत जिना चढे, आणि हळूबाईंनी दिवसभर लावलेली मांडणी अर्धे तासात धुळीस मिळे.

बाईंचे दुःख निराळेच होते. पोरांचा त्यांस त्रास नव्हता. पोरे त्यांस आवडत. दुःख हे की, साऱ्या शाळेत त्यांचे जातीचे दुसरे माणूस नव्हते. गणितवाल्या तिघी होत्या, त्या डबा खाताना गणितवाल्यांच्या गोष्टी करीत. भाषावाले आपसात रुसत आणि बोलत. परंतु फाटके पान कसे सांधावे, सातवीनंतर वाचणे सोडणाऱ्या पोरास परत कसे वळवावे, ऐसे कोणास विचारावे, तर बाईंनी भिंतीस विचारावे. परीक्षेवर देखरेख करणे आले की फर्मान सुटे, "तुम्ही शिक्षकच की हो, बाई!" आणि एखादे प्रशिक्षण आले की फर्मान सुटे, "ते शिक्षकांसाठी असतं, बाई." कामास शिक्षक आणि मानास शिक्षकेतर, ऐसे हे वतन.

आणि दरसाल शालेय ग्रंथपालांचा एक दिवसाचा मेळावा शहराचे दुसरे टोकास एका शाळेत भरे. त्यात नवीन विद्या शिकावी, एकमेकांच्या ओळखी कराव्या, अडीअडचणी सांगाव्या. दरसाल त्याचे परिपत्रक येई, आणि पर्यवेक्षकसाहेब त्यावर 'आपल्याशी संबंध नाही' ऐसे लिहून खिडकीची फट बुजविण्यास ते कारणी लावीत. बाई ती घडी दरसाल खिडकीत पाहत आणि दुःख गिळून टाकीत.

यंदा काय दैवयोग जाहला न कळे. बाईंनी फटीतले परिपत्रक काढिले, हाताने इस्त्री केल्यासारखे सपाट केले, आणि थेट मुख्याध्यापिका मोठ्या बाई यांचे हुजुरात रुजू केले. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून आज्ञा केली की, जावे. परंतु ग्रंथालय बंद राहू नये. कोणी एक बसवून जावे. न बसविल्यास जाणे रद्द.

मग बाई कुमक मागत हिंडल्या. चित्रकलावाल्यांची कंबर त्याच दिवशी दुखणार होती. विज्ञानवाल्या म्हणाल्या, "बसले असते गं, पण मला त्या धुळीनं शिंका येतात." क्रीडाशिक्षक म्हणाले, "माझ्या गाद्या आहेत ना तिथे, त्याच माझ्या वतीनं बसल्यात असं समजा." ऐसा सर्व बाजूंनी नन्नाचा पाढा जाहला. बाई शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात येऊन बसल्या, आणि मेळावा यंदाही गेला ऐसे मनात पक्के करू लागल्या.

तों पर्यवेक्षकसाहेब चहात बिस्कीट बुडवून मोठ्याने बोलते जाहले, "कमाल आहे! अहो, बसायला एवढी विनवणी? तिथे काम काय असतं? नुसतं बसायचं तर असतं! मला कुणी सांगितलं तर मी आनंदानं बसेन. माझी राहिलेली कामंसुद्धा होतील."

"छान," दारातून आवाज आला. पाहतात तों मोठ्या बाई खाशा उभ्या. "मग ठरलं. तुम्हीच बसा."

बिस्कीट कपात बुडाले ते वर आले नाही.

घरी हे वर्तमान सांगताच सासूबाईंनी डोळे मोठे केले. "पुस्तकं सांभाळणाऱ्यांची कसली गं सभा? पुस्तकं काय पळून जातात? आणि तुम्ही सगळ्या जमून करणार काय? एकमेकींना गप्प करणार?" यावर बाईंचे यजमान हसले, आणि बाईंस राग आला; परंतु सकाळी निघताना पाहतात तों सासूबाईंनी डबा भरून ठेविला होता, आणि वर बजावले, "इतक्या लांब चाललीस ती काहीतरी बोलून ये. नाहीतर येशील तशीच घुम्यासारखी."

येणेप्रमाणे हळूबाई ठेवणीतील साडी नेसून, खांद्यास पिशवी लावून, दोन बसगाड्या बदलून मेळाव्याचे सभागृहात दाखल जाहल्या. आणि तेथे सासूबाईंची वाणी खरी होताना पाहिली. आधी आलेले सारे ग्रंथपाल दाराजवळच्या मागील खुर्च्यांवर बसले होते. कारण दार नजरेखाली असल्यावाचून या लोकांस चैन पडत नाही. पुढील रांगा ओस. पन्नास-साठ माणूस, परंतु टाचणी पडली तर ऐकू यावी. नावाचे बिल्ले मेजावर कोणी विस्कटून ठेविले होते, ते येणाऱ्या प्रत्येकाने थोडे थोडे लावून अक्षरानुक्रमे सरळ केले, आणि मग आपला बिल्ला काढून घेतला, आणि उरलेली फट बुजविली. सूत्रसंचालक म्हणोन एक उत्साही गृहस्थ बाहेरून आणिले होते. ते ध्वनिवर्धकातून गर्जले, "आता परस्परपरिचय! उठा, फिरा, मोकळेपणानं बोला! एकमेकांना अनुभव सांगा!"

यावर सभागृहातून साऱ्यांनी मिळून ओठांवर बोट ठेविले.

गृहस्थ ओशाळले. मग बोलणे सुरू जाहले, परंतु ते कुजबुजीचे. हळूबाईंनी शेजारणीकडे पाहिले. ती वयस्क, चष्मा साखळीने गळ्यात अडकविलेली. तीस आपण साखळीकाकू म्हणू. बाई पुटपुटल्या, "मी ग्रंथपाल." काकू पुटपुटल्या, "मीही." आणि संवाद तेथे खुंटला. इतके सायास करून येथे आलो, आणि बोलावे ते सुचेना! वर्षानुवर्षे भिंतीशी बोललेले माणूस ते; उत्तर देणारे कोणी भेटल्यावर त्याची जीभ जड जाहली. बाईंचे मनात आले, बसगाडी पकडून परत जावे हे बरे.

तेच समयी पिशवीत भ्रमणध्वनी घरघरला. पर्यवेक्षकसाहेबांचा खलिता! बाई घाबऱ्या होऊन बोट लावू गेल्या, ते भलतीकडे लागले, आणि साहेबांचा आवाज साऱ्या सभागृहात मोकळा जाहला.

"बाई! बाई, नववी 'ब' आलीय! आणि सातवी 'क' पण! आणि आता पाचवीपण जिना चढतेय हो! एकदम तीन वर्ग! काही गाद्यांवर उड्या मारतायत, मांजर कपाटावर चढलंय! हे सगळे इथे कोण पाठवतंय?"

बाई सवयीने हळू म्हणाल्या, "सर... फळ्यावर काय लिहिलंय?"

"फळ्यावर? थांबा, शिपायाला पाठवतो." मग कोलाहल. मग बराच वेळ नुसते श्वास. मग अगदी निराळ्या आवाजात, "'ग्रंथालय' लिहिलंय. तिन्हींपुढे."

"कोणी लिहिलं, सर?"

"...मीच."

आणि मग साखळीकाकूंस जे हसू फुटले, ते मागील रांगेतून पुढील ओस रांगांपर्यंत गेले. पन्नास-साठ ग्रंथपाल, ज्यांनी हयातभर दुसऱ्याचे हसणे दाबले, ते मांड्यांवर हात आपटून हसले. सूत्रसंचालकांनी ध्वनिवर्धक बंद केला. त्याची गरज उरली नव्हती.

परंतु साहेब हुकुमावर आले. "हसताय काय? ताबडतोब परत या! तासाभरात इथे हजर व्हा. मी सांगतोय!"

आणि येथे प्रसंग बिकट जाहला. हळूबाई सवयीने उठल्या. पिशवी खांद्यास लाविली. इतक्या वर्षांची हुकूम मानण्याची सवय पायांत होती. तों साखळीकाकूंनी त्यांचे पदराचे टोक धरिले आणि म्हणाल्या, "बस गं. मी दोनदा अशीच उठून गेले होते. तिसऱ्यांदा कुणी येऊच दिलं नाही." पलीकडून एक दाढीवाले ग्रंथपाल बोलले, "बाई, आज गेलात तर जन्मभर जाल." मग सारेच बोलू लागले, "बसा! बसा!"

हळूबाईंनी पिशवी खाली ठेविली, आणि आयुष्यात प्रथमच तीन पायऱ्यांपलीकडे ऐकू जाईल ऐशा आवाजात निरोप दिला:

"सर, मी आज येणार नाही. मी प्रशिक्षणात आहे. तिथे काम काय असतं, नुसतं बसायचं तर असतं."

पलीकडे काही पडल्याचा आवाज. मग साहेब काकुळतीस आले. "अहो चुकलं, बाई. पण करू काय? घसा बसला माझा!"

बाईंस दया आली. शिवाय मांजरांची काळजी होती. त्या बोलत्या जाहल्या, "काचेचं कपाट उघडा."

"कपाट? त्याची किल्ली..."

"तुमच्या खिशात आहे, सर. दोन्ही दारं सताड उघडा आणि बाजूला व्हा. ओरडू नका. पोरं आपणहून येतील. पाचवीला खालचा कप्पा, नववीला वरचा. आणि एखादं तुम्हीही घेऊन बसा, म्हणजे ती तुमच्याकडे बघणार नाहीत."

"खराब होतील हो पुस्तकं!"

"मला फाटकं पान सांधता येतं, सर. आज त्याचीच नवी रीत शिकतेय."

भ्रमणध्वनी चालूच राहिला. साऱ्या सभागृहाने कान टवकारिले. आधी कुलूप उघडल्याचा खटका, मग एक मोठी झुंबड, मग खुर्च्या, मग कोणी एक पोर म्हणाले, "ए, हे बघ, यात खरा हाडांचा सापळा आहे!" आणि मग हळूहळू, जिन्यावरून उतरावा तैसा गलबला खाली खाली उतरत गेला, आणि उरला नुसता पाने उलटण्याचा आवाज. तो आवाज त्या सभागृहात सर्वांच्या ओळखीचा. कितीएकांचे डोळे भरले. कारण त्यांचेही शाळांत कपाटे होती, आणि कुलपे होती.

तदनंतर मेळावा ऐसा पेटला की विचारू नये. ज्याचे त्याचे ग्रंथालयात कोठे ढोल, कोठे जुन्या संगणकांचे ढीग, कोठे कोणाची सायकल. एकाने आपली युक्ती सांगावी, दुसऱ्याने तीवर आपली चढवावी. पान सांधण्याची रीत शिकविणारे तज्ज्ञ व्यासपीठावर ताटकळत राहिले, आणि शेवटी स्वतःच खाली येऊन गर्दीत बसले. भ्रमणध्वनीवर या मंडळीचा गट स्थापन जाहला; साखळीकाकू त्याच्या प्रमुख. डबे उघडले गेले. हळूबाई इतक्या बोलल्या की संध्याकाळी घरी गेल्या त्या घसा बसवून, आणि सासूबाईंनी हाताने खूण करून विचारले, "काय झालं?" बाईंनी खुणेनेच सांगितले, "बोलले." सासूबाई बहुत संतोष पावल्या, आणि पाणी गरम करून दिले.

दुसरे दिवशी बाई किल्ल्यात रुजू जाहल्या. क्रीडाशिक्षक निमूट गाद्या वाहून नेत होते. हुकूम वरून सुटला होता ऐसे कळले. मांजरे सुखरूप. काचेच्या कपाटाची दारे उघडी, आतील कप्प्यांत फटी. पुस्तके वाचायला घरी गेल्याच्या त्या फटी. खाली फळ्यावर दोन वर्ग मोकळे, आणि त्यांपुढे खडूने 'पर्यवेक्षक स्वतः' ऐसे लिहिलेले. अक्षर जरा थरथरते होते, परंतु अक्षर त्यांचेच.

मग बाईंनी मोजदाद केली. सारी पुस्तके कोणाकडे गेली त्याचा हिशेब लागला. एकाचा मात्र पत्ता नव्हता. समुद्री दरोडेखोरांचे, चित्रांचे, वरच्या कप्प्यातले. बाई समजल्या. मुदत भरली तैसे त्यांनी नियमाप्रमाणे एक स्मरणचिठ्ठी पर्यवेक्षकसाहेबांचे मेजावर ठेविली, घडी घालून, कोणास दिसणार नाही ऐसी.

मधली सुट्टी जाहली तेव्हा साहेब जिना चढून आले. काखेत हजेरीपट, आणि हजेरीपटाचे पोटात दरोडेखोर. इकडे तिकडे पाहिले, आणि किल्ल्याचे नियमाप्रमाणे हळू बोलले:

"बाई, ते पुढच्या वर्षीचं तुमचं... ग्रंथपालांचं. जाऊन या तुम्ही. कपाटाची किल्ली पण ठेवा तुमच्याकडेच." आणि किल्ली मेजावर ठेविली. मग जरा घुटमळले. "पण हे एवढं... जहाज आत्ताच खडकावर आदळलंय हो. आणखी आठवडाभर राहू दे का?"

हळूबाईंनी पुस्तक उघडिले, शिक्का शाईत बुडविला, आणि नवी तारीख मारिली.

येणेप्रमाणे बदली तासांचा पाडाव होऊन तह जाहला. या तहावर मोहोर तीच, जी त्या पुस्तकाचे मागील पानावर उमटली आहे. ज्यास शंका असेल त्याने ग्रंथालयात जाऊन पाहावे. मात्र जिना हळू चढावा, आणि पुस्तक मुदतीत परत करावे.