पासवर्ड मागाहून येत आहे

ज्या माहितीचा कुणालाच उपयोग होत नाही, तिचा दुरुपयोगही होत नाही. हे तत्त्व आमच्या हिझुकावा नगर कार्यालयाने फार आधी ओळखलं, म्हणूनच गेल्या सहा वर्षांत आमच्याकडून एकही नाव बाहेर फुटलेलं नाही. (आतल्या आतही फारसं कुठे पोचलेलं नाही, पण तो वेगळा विषय.)

मी, निशिगाकी, माहिती सुरक्षा कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात मी एकटाच आहे, त्यामुळे शिस्त उत्तम आहे.

सहा वर्षांपूर्वी आमचा एक सहकारी एक यादी बसमध्ये विसरला. पूर आला तर स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची ती यादी होती. ड्रायव्हरने दहा मिनिटांत ती परत आणून दिली, पण तोवर त्याने तिच्यातलं एक नाव वाचलं होतं. (त्याच्या मावशीचं.) वर्तमानपत्रात बातमी आली. नगराध्यक्ष आणि तीन खातेप्रमुख माफी मागण्यासाठी कॅमेऱ्यांपुढे कमरेत वाकून अकरा सेकंद उभे राहिले. शेजारच्या गावचे अध्यक्ष विषबाधेच्या प्रकरणातसुद्धा आठच सेकंद वाकले होते, त्यामुळे आमचं कौतुक झालं. तेव्हापासून यादी कुलपात आहे.

पद्धत अशी. यादीची फाइल कुलूपबंद करून अग्निशमन पथक, पोलीस चौकी आणि नदी नियंत्रण कार्यालय यांना ईमेलने जाते. पासवर्ड पाच मिनिटांनी दुसऱ्या ईमेलने, त्याच पत्त्यावर जातो. ज्या चोराला पहिला ईमेल मिळाला त्याला दुसराही मिळेल, अशी शंका एका नागरिकाने काढली होती. आम्ही तिचा गांभीर्याने विचार केला. चोराला पाच मिनिटं थांबावं लागेल, आणि चोर हा घाईतला माणूस असतो, असं उत्तर आम्ही दिलं. तरीही आणखी सुधारणा म्हणून चार वर्षांपूर्वी पासवर्ड फॅक्सने पाठवायला सुरुवात केली. त्या फॅक्सवर तीन शिक्के लागतात: माझा, विभागप्रमुखांचा आणि उपाध्यक्षांचा. शिवाय ज्याने फाइल पाठवली त्याने पासवर्ड पाठवायचा नाही. कुलूप आणि किल्ली एका हातात नकोत, म्हणून किल्ली नागरिक नोंदणीतल्या होरिकोशीबाईंच्या हातात आहे.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा असा नियम आहे. आम्ही तो बदलतो, आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जुना करतो. तो माझ्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. गेल्या वर्षीच्या सरावात फाइल दोन मिनिटांत गेली आणि तीन तास पन्नास मिनिटांत उघडली. सहभागी कर्मचाऱ्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के समाधानी होते. (उरलेल्या सहा टक्क्यांचं उत्तर कुलूपबंद आलं होतं.)

नियमाप्रमाणे मला इथे एक खुलासा केला पाहिजे. नदीकाठच्या शिमोझे वाडीत पुलापासून तिसऱ्या घरात माझी आई राहते. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिचं नाव यादीत नव्हतं. यादी सांभाळणाऱ्याच्या नातेवाइकाला वेगळा अर्ज, नमुना चार, भरावा लागतो. तो मी दोन वर्षांपूर्वी वर पाठवला होता आणि तो विचाराधीन होता.

गेल्या सप्टेंबरात एका मंगळवारी सकाळी दहा चाळीसला नदी कार्यालयाचा निरोप आला की पाण्याने इशाऱ्याची खूण ओलांडली आहे. वृद्धांनी घरं सोडावीत असा भोंगा वाजला. दहा बेचाळीसला मी फाइल रवाना केली. सरावाइतकीच दोन मिनिटं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

अकरा पाचला कुसाकाबेसानचा, म्हणजे कुसाकाबेरावांचा, फोन आला. हे आमच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचे प्रमुख, आणि पथकाची गाडी बाहेर काढायची नसेल तेव्हा गावभर टोफू विकणारे.

"साहेब, फाइल आली. उघडू का?"

"पासवर्ड मागाहून येत आहे."

"कसा येतोय? चालत?"

"फॅक्सने."

"फॅक्स आमच्या शेडमध्ये फळीवर आहे, आणि शेडमध्ये गुडघाभर पाणी आहे. अहो, पासवर्ड मला पाठ आहे! परवा तुमच्याकडे चहाला आलो, तेव्हा ती पिवळी चिठ्ठी माझ्या नाकासमोर होती."

"तो तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक नाही, असं धरून मी पुढे बोलतो. ठाऊक असणं वेगळं, रीतसर मिळणं वेगळं. मिळण्याआधी वापरलात तर नियमभंग होईल."

पलीकडे गाडीचं इंजिन सुरू झालं.

"बरं, नावं नका सांगू. शिमोझेतली घरं तेवढी सांगा."

"घरावरून नाव ओळखता येतं."

"अरे बाबा, त्यासाठीच तर विचारतोय!" एवढं बोलून त्यांचा आवाज खाली आला. "तुझी आई आहे ना रे तिथं?"

"याबाबत मला काहीही सांगता येत नाही."

"मग बस शिक्के मारत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

माझा स्वतःचा फोन खिशात होता. आईचा नंबर मला झोपेतही येतो. पण नियम अकरा सांगतो की आपत्काळात कर्मचाऱ्याने खाजगी फोनवरून माहिती देऊ नये. तो नियम मीच लिहिला आहे, आणि त्याच्या भाषेबद्दल जिल्ह्याकडून शाबासकीही मिळवली आहे. मला भीती वाटत होती.  फोन खिशातच ठेवून मी शिक्का मारला.

आणि तिथेच चूक झाली. आमच्याकडे कनिष्ठाचा शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित झुकलेला असावा लागतो, म्हणजे कागदावरही नमस्कार होतो. माझा शिक्का घाईत ताठ उमटला. विभागप्रमुखांनी कागद उजेडात धरला.

"निशिगाकी, परिस्थिती बिकट आहे हे मान्य. पण तुमचा हा शिक्का छाती काढून उभा आहे हो."

मी क्षमा मागितली आणि नवा कागद घेतला. विभागप्रमुखांचा शिक्का मिळाला अकरा चाळीसला. उपाध्यक्षांचा शिक्का त्यांच्या खणात होता, खणाची किल्ली त्यांच्या खिशात, आणि खिसा हेल्मेट घालून पुलावर पाणी बघत उभा होता. होरिकोशीबाई शाळेच्या व्यायामशाळेत निवारा उघडायला गेल्या होत्या, आणि तिथे दीडशे जोड सपाता रांगेत मांडून होईपर्यंत त्यांना निघता येत नव्हतं. एक चौतीसला फॅक्स गेला. यंत्राने 'पोचला' अशी पावती दिली. शेडमध्ये कुणी नव्हतं, पण पोचला.

शिमोझेत पाणी बारा पन्नासलाच शिरलं होतं. खिडकीच्या कठड्यापर्यंत.

दोन वाजता मी मोजदादीसाठी व्यायामशाळेत गेलो. कुठल्या रस्त्याने गेलो ते मला आजही आठवत नाही. दाराशी टोफूची गाडी उभी होती, आणि आत टोफूच्या सात उपड्या क्रेटांवर शिमोझेची सात माणसं बसली होती. सातव्या क्रेटवर, कुसाकाबेसानचा पथकाचा कोट पांघरून, माझी आई भाताचा गोळा खात होती.

"फोन का नाही केलास?" तिने विचारलं.

"नियम आहे, आई."

"कुणाचा?"

मी मोजदादीच्या कागदावर सात हा आकडा लिहिला.

"कुसाकाबे पाठंगुळीला घेऊन निघाला मला. या वयात! आणि वाटेत म्हणतो कसा, शुक्रवारी टोफू येणार नाही हं आजी, सांगून ठेवतो. त्याला सांगता येतं बघ."

मला रडू आलं. कुठलाही अर्ज न करता आलं.

यादी तीन दिवसांनी रीतसर उघडली. तिच्यात शिमोझेची सहा नावं होती, आणि कुसाकाबेसाननी सात माणसं आणली होती. ही तफावत गंभीर असल्याने चौकशी नेमली गेली, आणि चौकशी अधिकारी मीच होतो.

"ही माहिती आपल्याला कुठून मिळाली?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी दार वाजवतो. कोण उठून येतं, कोण आतूनच 'ठेव तिथं' म्हणून ओरडतं, ते तीस वर्षं ऐकतोय. लिही."

मी लिहिलं. सात नागरिकांचे गुडघे, कान आणि टोफूचं प्रमाण यांबद्दलची संवेदनशील माहिती एका खाजगी डोक्यात, संमतीविना, कुलूप न लावता पडून असल्याचं आढळलं. यापुढे टोफू देताना विक्रेत्याने दाराच्या आत बघू नये. उत्तर कुठल्या खोलीतून आलं याकडे लक्ष देऊ नये. सलग दोनदा उत्तर आलं नाही, तर काळजी करण्यापूर्वी कक्षाची परवानगी घ्यावी. त्यांना लेखी ताकीदही पाठवली, अर्थात कुलूपबंद फाइलमध्ये. पासवर्डवर अजून दोन शिक्के व्हायचे आहेत, त्यामुळे ताकीद त्यांना अजून मिळालेली नाही आणि ते दार वाजवतच आहेत. (माझा शिक्का त्या कागदावर कधी बसेल, हे सांगता येत नाही. कामं फार असतात.)

या वसंतात आईचा नमुना चार मंजूर झाला. आता तिचं नाव यादीत आहे. साहजिकच, ती कुठे राहते हे मला आता कुणाला सांगता येणार नाही.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. हरकत नाही, पण पुस्तक मिटण्याआधी एक छोटी पडताळणी करून घेऊ. तुमच्या घराच्या भिंतीपलीकडे जे वयस्कर गृहस्थ किंवा बाई राहतात, त्यांचं नाव आठवा. पाटीवरचं आडनाव नव्हे, नाव. त्यांना जिना उतरता येतो का? रात्री कान कितपत ऐकतात? शेवटचं दार कधी वाजवलं होतंत?

काहीच आठवत नसेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्याकडून माहिती फुटण्याची शक्यता शून्य आहे. आम्हाला इथवर यायला सहा वर्षं, एक फॅक्स यंत्र आणि तीन शिक्के लागले. तुम्हाला फक्त दार लावून घ्यावं लागलं.