आबांची परदेशी शेवंती

जळगावातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या दारी नवं रोप उगवलं, की आबा कुंपणापाशी हजर. पान चिमटीत धरायचं, चुरगळायचं, हुंगायचं आणि निकाल द्यायचा. बी आपणच पेरलंय असं घरमालकानं सांगून उपयोग नसे. "तुम्हले काय समजस? मी पान देखीसनच कूळ सांगस!"

आबा मूळचे धुळ्याकडचे. कापसाच्या जिनिंगमधली मुकादमी करून निवृत्त झालेले, विधुर, घरात एकटे. जीभ मात्र अजून मुकादमाचीच. माझ्या गुलाबाला त्यांनी बाभळीचा चुलतभाऊ ठरवलं होतं. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर सहसा कुणी पाय ठेवत नसे. आबांना त्याची पर्वा नाही, अशी आमची सोयीची समजूत होती.

त्या वर्षांत रेशनला परदेशी लाल गहू यायचा. आबांनी तो निवडून कचरा मोरीशेजारी टाकला आणि तिथं एक रोप उगवलं. कातरलेली पानं, वर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. आबांनी पान चुरगळलं, हुंगलं, डोळे मिटले. "शेवंतीना कुळनं शे. पण आठलं नई. परदेशी शे!"

मग काय विचारता! कुंडी आली, शेणखत आलं, वर गोणपाटाची सावली आली. नळाला पाणी नसे, तेव्हा आबा स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे आणि उरलेली अर्धी शेवंतीला. बघता बघता एकाची चार आणि चाराची चाळीस रोपं झाली. अशी निगुतीनं वाढणारी परदेशी बाई कुणी पाहिली नव्हती. रोप मागायला अख्खी गल्ली लोटली. पण रोप सहजी मिळत नसे. आधी ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, गव्हाच्या पोत्यातून बी समुद्र ओलांडून कसं आलं ते ऐकायचं. आबांनी त्यासाठी नव्या कपबश्या घेतल्या. ते हसायलाही लागले होते.

मीही डालड्याच्या डब्यात एक रोप लावलं. आमच्या हिनं फुलं देवाला वाहिली. देवानं तक्रार केली नाही, ती आमच्या हातांनी केली. सगळी गल्ली कराकरा खाजवू लागली. आबांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, पण ते म्हणायचे, "उन्हाया शे!"

शेवटी शेतकी खात्यात असलेला माझा मेहुणा सावद्याहून आला. डबा पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "दाजी, हे गाजरगवत! लोक उपटून जाळताहेत आणि तुम्ही याला खत घालताय?"

आबांनी त्याला रस्त्यातच गाठलं. "पण कूळ?"

"कूळ शेवंतीचंच, आबा."

"मंग!" आबांनी आमच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण चांगल्या कुळातलं कार्टं वाह्यात निघालं, तर त्याला कोण घरात ठेवतो? गल्लीनं रोपं उपटून जाळली आणि आबांचं नाव 'गवतवाले आबा' पडलं. ओटा पुन्हा ओस पडला. कपबश्या फळीवर गेल्या असाव्यात.

दसरा जवळ आला असताना एका सकाळी आबांनी मला कुंपणावरून हाक मारली. ओट्यावर तीच कुंडी, तिच्यात नवं रोप. "भाऊ, वळखा बरं, हाई काय शे? माले तर काही समजत नई."

तो झेंडू होता. कळीतून पिवळं डोकावत होतं. शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी थट्टेसाठी तोंड उघडलं आणि कुंडीपलीकडे नजर गेली. स्टुलावर दोन कपबश्या मांडलेल्या होत्या. चहा ओतून ठेवलेला होता.

मी पान चिमटीत धरलं, चुरगळलं, हुंगलं. "अवघड दिसतंय, आबा. फूल उमलेपर्यंत रोज येऊन बघावं लागेल."

आबांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

"मंग या ना," ते म्हणाले. "मी काय, सारा दिन घरमाच ऱ्हास."